स्थानिक ऑनलाइन शोध आणि लहान उपाहारगृहांचे अर्थकारण

(अभ्यासदौऱ्यावर आलेल्या महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांपुढे चंदीगड येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आज सायंकाळी तुम्ही जेवायला कोठे जाणार आहात, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या व्याख्यानात काहीसा अप्रस्तुत वाटेल. परंतु अनोळखी शहरात आलेला पाहुणा आपले जेवणाचे ठिकाण कसे निवडतो, या साध्या प्रश्नात बाजारपेठ, माहिती, स्पर्धा आणि शासकीय नियमन हे तुमच्या अभ्यासक्रमातील चारही विषय एकत्र येतात. येथील रस्ते आणि येथील चवी तुम्हाला परिचित नाहीत. त्यामुळे तुमच्यापैकी बहुतेक जण खिशातील मोबाइल काढतील, त्यावर दोन-तीन शब्द लिहितील किंवा बोलतील, आणि पडद्यावर आधी दिसणाऱ्या चार-पाच नावांतून एकाची निवड करतील. आपण जेथे आहोत त्या परिसरातील दुकान, दवाखाना किंवा उपाहारगृह इंटरनेटवर शोधण्याच्या या प्रकाराला स्थानिक ऑनलाइन शोध असे म्हणता येईल.

हा शोध लहान उपाहारगृहाला अधिक ग्राहक मिळवून देतो का, कोणत्या मार्गाने मिळवून देतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा आजचा विषय आहे. माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. स्थानिक शोधामुळे मोक्याच्या जागेची मक्तेदारी सैल होते आणि तिच्या जोडीला लौकिकाला मोल येते. मात्र त्यासाठी दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. पहिली, पडद्यावरील माहिती खरी असली पाहिजे. दुसरी, नावांची क्रमवारी लावणाऱ्या कंपनीवर सार्वजनिक नियमांचा अंकुश असला पाहिजे. या अटी पूर्ण झाल्या नाहीत तर लहान व्यावसायिक जमिनीच्या भाड्यातून सुटून पडद्यावरील जागेच्या भाड्यात अडकतो.

नियोजित शहर आणि जागेचे मूल्य

या विषयाच्या अभ्यासासाठी चंदीगडसारखे दुसरे शहर क्वचितच सापडेल. फाळणीनंतर लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाबला नवी राजधानी आवश्यक झाली. १९५१ पासून ल कॉर्बुझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शहराचा आराखडा साकारला. सुमारे ८०० मीटर बाय १२०० मीटर आकाराचे सेक्टर, सात प्रकारच्या रस्त्यांची श्रेणीबद्ध रचना आणि प्रत्येक सेक्टरमधून जाणारा बाजाररस्ता ही त्याची वैशिष्ट्ये होत. रहिवाशाच्या दैनंदिन गरजा त्याच्याच सेक्टरमध्ये भागाव्यात, ही त्यामागील कल्पना होती. १ नोव्हेंबर १९६६ रोजी चंदीगड केंद्रशासित प्रदेश झाले. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १०,५५,४५० होती.

अशा शहरात व्यापाराची जागा बाजाराने हळूहळू घडवलेली नसते. ती आराखड्याने ठरवलेली आणि बहुधा लिलावाने दिलेली असते. येथील पत्त्यांत ‘एससीओ’ म्हणजे दुकान-सह-कार्यालय, ‘एससीएफ’ म्हणजे दुकान-सह-सदनिका आणि ‘बूथ’ म्हणजे लहान गाळा असे शब्द तुम्हाला दिसतील. मुख्य रस्त्यावरील दर्शनी एससीओ आणि आतल्या रांगेतील बूथ यांच्या भाड्यांत मोठे अंतर असते. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये शेतजमिनीच्या संदर्भात मांडलेला खंडाचा सिद्धान्त येथे दुकानाच्या उंबरठ्यावर भेटतो. मोक्याची जागा मर्यादित असल्यामुळे तिच्या मालकाला अतिरिक्त उत्पन्न मिळते.

या शहराचे आणखी एक वैशिष्ट्य आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. येथे १९५४ पासून जाहिरात नियंत्रण आदेश लागू आहे. शहराचे सौंदर्य टिकावे म्हणून जाहिरातफलकांवर त्याद्वारे निर्बंध घालण्यात आले. परिणामी आतल्या रांगेतील खानावळवाल्याला चौकात मोठा फलक लावून ग्राहक खेचण्याचा मार्ग फारसा उपलब्ध राहिला नाही. त्याचा ग्राहक म्हणजे सेक्टरमधील रहिवासी आणि तोंडी शिफारस ऐकून येणारा माणूस.

याउलट शहरात येणाऱ्या परक्या माणसांची संख्या मोठी आहे. पीजीआय या वैद्यकीय संस्थेत पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि जम्मू-काश्मीरमधून रुग्ण येतात आणि त्यांच्याबरोबर नातेवाईकही येतात. पंजाब विद्यापीठात विद्यार्थी येतात, दोन राज्यांच्या सचिवालयांत आणि उच्च न्यायालयात कामासाठी लोक येतात, सिमल्याकडे जाणारे पर्यटक येथे थांबतात. परक्यांची मागणी आणि आतल्या रांगेतील पुरवठा यांची गाठ घालून देणारा दुवा येथे हवा होता. मोबाइलवरील नकाशाने तो पुरवला.

माहितीचे अर्थशास्त्र

या दुव्याचे महत्त्व समजण्यासाठी तीन अर्थशास्त्रज्ञांची आठवण ठेवा. जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले की, माहिती फुकट मिळत नाही. योग्य किंमत आणि योग्य विक्रेता शोधण्यासाठी ग्राहकाला वेळ व श्रम खर्च करावे लागतात. हा शोधखर्च जितका जास्त, तितका ग्राहक लवकर थांबतो आणि समोर दिसेल ते स्वीकारतो. दर्शनी दुकानाचे भाडे जास्त असण्याचे एक कारण ग्राहकाच्या या थांबण्यात आहे.

फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंचे दोन वर्ग केले. काही वस्तूंची गुणवत्ता खरेदीपूर्वी पाहून कळते, तर काहींची वापरल्यानंतरच कळते. जेवण दुसऱ्या वर्गात मोडते. घास तोंडात गेल्याखेरीज भाजीची चव कळत नाही आणि तोवर पैसे देणे भाग झालेले असते.

जॉर्ज अॅकरलॉफ यांनी त्याच वर्षी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असममित माहितीचा परिणाम सांगितला. विक्रेत्याला गुणवत्ता ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात, अशी स्थिती असेल तर ग्राहक सरासरी किमतीपेक्षा अधिक देण्यास तयार होत नाही आणि चांगला माल बाजारातून मागे हटतो. अॅकरलॉफ, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक अशाच संशोधनासाठी मिळाले. बसस्थानकाजवळच्या उपाहारगृहात बेचव जेवण का मिळते, याचे उत्तर येथे सापडते. तेथील ग्राहक पुन्हा येणार नसतो आणि म्हणून चांगल्या स्वयंपाकाचे बक्षीसही मिळत नसते. एका ग्राहकाचा अनुभव पुढच्या अनोळखी ग्राहकापर्यंत पोहोचला, तरच हे चित्र बदलू शकते.

शोधाची यंत्रणा

भारतात ही वाटचाल टप्प्याटप्प्याने झाली. १९९६ मध्ये सुरू झालेल्या जस्टडायलने दूरध्वनीवरून परिसरातील व्यवसायांची माहिती देण्यास आरंभ केला. २००८ मध्ये दीपिंदर गोयल आणि पंकज चड्ढा यांनी फूडीबे या नावाने उपाहारगृहांची मेनूकार्डे इंटरनेटवर आणली. २०१० मध्ये तिचेच नाव झोमॅटो झाले. गूगलची नकाशासेवा २००५ मध्ये सुरू झाली होती. स्वस्त मोबाइल आणि स्वस्त इंटरनेट उपलब्ध झाल्यावर या सेवा सर्वसामान्यांच्या हाती आल्या.

गूगलने जाहीर केलेल्या माहितीनुसार स्थानिक निकालांचा क्रम प्रामुख्याने तीन घटकांवर ठरतो. शोधलेल्या शब्दांशी व्यवसायाची सुसंगतता, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी हे ते घटक होत. ग्राहकांनी दिलेले तारे व अभिप्राय तिसऱ्या घटकात मोडतात. साध्या निकालांतील वरचे स्थान पैसे देऊन मिळत नाही, असेही ही कंपनी सांगते. जाहिराती मात्र स्वतंत्रपणे विकल्या जातात.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, यांपैकी अंतर हा घटक व्यावसायिकाच्या हातात नाही. परंतु पूर्वी दर्शनीपणाला जे महत्त्व होते ते आता उरले नाही. पडद्यावर मुख्य रस्त्यावरचे दुकान आणि मागच्या रांगेतील बूथ सारख्याच आकाराच्या अक्षरांत दिसतात.

पुरावा काय सांगतो?

या विधानाला आकडेवारीचा आधार आहे काय? हार्वर्डचे मायकेल लुका यांनी २०११ मध्ये अमेरिकेतील सिएटल शहराचा अभ्यास प्रसिद्ध केला. येल्प या संकेतस्थळावरील तारे आणि उपाहारगृहांचे महसूल खात्याकडील उत्पन्न यांची त्यांनी सांगड घातली. एक तारा वाढल्यास उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असा निष्कर्ष निघाला.

त्यांची पद्धत तुम्ही समजून घ्यावी अशी आहे. चांगल्या उपाहारगृहाला तारेही जास्त आणि गर्दीही जास्त असणारच. मग ताऱ्यांमुळे गर्दी झाली असे कसे म्हणावे? येल्प सरासरी गुण जवळच्या अर्ध्या ताऱ्यात दाखवते. ३.२४ सरासरी असलेले उपाहारगृह तीन ताऱ्यांचे दिसते आणि ३.२६ असलेले साडेतीनचे. दोघांच्या गुणवत्तेत प्रत्यक्ष फरक जवळजवळ नाही. तरीही उत्पन्नात फरक पडत असेल, तर तो ताऱ्यांच्या दर्शनामुळेच पडला, असे मानता येते. सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतील भेद याहून सोप्या उदाहरणाने सांगणे कठीण आहे.

या अभ्यासातील दुसरा निष्कर्ष विकासाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. ताऱ्यांचा परिणाम स्वतंत्र उपाहारगृहांवर झाला. साखळी उपाहारगृहांवर तो दिसून आला नाही. येल्पचा प्रसार वाढला तसा साखळी उपाहारगृहांचा बाजारातील वाटा घटला. त्याचे कारण स्पष्ट आहे. साखळीचे नाव हीच गुणवत्तेची हमी असते आणि ती हमी निर्माण करण्यासाठी मोठे भांडवल लागते. अनोळखी ग्राहकांचे अभिप्राय लहान व्यावसायिकाला तशी हमी भांडवलाविना मिळवून देतात.

हे निष्कर्ष अमेरिकेतील आहेत. ते जसेच्या तसे चंदीगडला किंवा कोल्हापूरला लावता येणार नाहीत. मात्र त्यामागील तर्क, म्हणजे शोधखर्च घटला की लौकिकाचे मूल्य वाढते, हा कोणत्याही बाजारपेठेला लागू आहे.

लहान व्यावसायिकापुढील कामे

या संधीचा लाभ घेण्यासाठी लागणारा पैसा थोडा आहे. लागते ती चिकाटी. पहिले काम म्हणजे नकाशावरील आपल्या व्यवसायाची नोंद स्वतःच्या ताब्यात घेणे. नोंद कोणीही सुचवू शकतो. ती पडताळून घेतली नाही तर चुकीचा दूरध्वनी क्रमांक आणि जुनी वेळ वर्षानुवर्षे तशीच राहते. दुसरे काम नकाशावरील खूण अचूक ठेवण्याचे. सेक्टर ४५ मधील बुडैल किंवा सेक्टर ४२ मधील अटावा ही मूळची गावे आराखड्याच्या चौकटीत सामावली गेली, परंतु त्यांच्या अंतर्गत गल्ल्या जुन्याच राहिल्या. तेथे सेक्टरच्या क्रमांकावरून दुकान सापडत नाही. खूण पन्नास मीटर चुकली तर ग्राहक परत फिरतो.

तिसरे काम म्हणजे ग्राहकाच्या भाषेत बोलणे. पंजाबात शाकाहारी जेवणाला ‘वैष्णो’ म्हणतात. महाराष्ट्रातून आलेला पाहुणा ‘शुद्ध शाकाहारी’ शोधतो. दोन्ही शब्द नोंदीत असतील तर दोन्ही ग्राहक मिळतील. चौथे काम म्हणजे वेळ, दर आणि पदार्थांची छायाचित्रे अद्ययावत ठेवणे. सुट्टीच्या दिवशी उघडे दाखवलेले उपाहारगृह बंद आढळले, तर तो ग्राहक कायमचा दुरावतो. पाचवे आणि सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे तक्रारींना सभ्यपणे उत्तर देणे. ते उत्तर तक्रारदारापेक्षा पुढचे शंभर वाचक वाचत असतात.

या सर्वांच्या मुळाशी परवाना आहे. २०१८ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या आदेशानंतर खाद्यपदार्थ घरपोच देणाऱ्या मंचांनी परवाना नसलेली दहा हजारांहून अधिक उपाहारगृहे यादीतून वगळली. कायदेशीर नोंदणी आणि पडद्यावरील अस्तित्व यांचा संबंध त्यामुळे दृढ झाला. अनौपचारिक क्षेत्र औपचारिक होण्यामागे दंडाच्या भीतीइतकीच ग्राहकाच्या नजरेत येण्याची ओढही काम करते, हे धोरणकर्त्यांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

खोट्या अभिप्रायांचे संकट

जेथे लौकिकाला मोल येते तेथे खोटा लौकिकही विक्रीस येतो. लुका आणि जॉर्जिओस झेर्व्हास यांनी बोस्टनमधील उपाहारगृहांविषयी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात येल्पने सुमारे १६ टक्के अभिप्राय संशयास्पद म्हणून बाजूला काढल्याचे आढळले. ज्यांचा लौकिक दुबळा आहे ते स्वतःची खोटी स्तुती करून घेण्याकडे झुकतात आणि स्पर्धा तीव्र असेल तेथे प्रतिस्पर्ध्याची खोटी निंदाही वाढते, असेही दिसून आले. खोटे अभिप्राय वाढले की ग्राहकाचा ताऱ्यांवरील विश्वास उडतो आणि अॅकरलॉफ यांनी वर्णिलेला बाजार नव्या रूपात परत येतो. त्यात सर्वाधिक नुकसान प्रामाणिक लहान व्यावसायिकाचे होते, कारण त्याच्याजवळ हमीचे दुसरे साधन नसते.

भारताने या बाबतीत काही पावले उचलली आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि त्याच महिन्यात आलेल्या ई-वाणिज्य नियमांनी विक्रेत्याला ग्राहकाचा मुखवटा घालून अभिप्राय देण्यास मनाई केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० : २०२२ हे मानक प्रसिद्ध केले. अभिप्राय गोळा करणे, त्यांची छाननी आणि प्रसिद्धी यांची तत्त्वे त्यात आहेत. हे मानक ऐच्छिक स्वरूपात आणले गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या १३ फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. जाहिरात आहे हे लपवून दाखवलेली जाहिरात ही त्यांपैकी एक होय.

नवे भाडे आणि नवा जमीनदार

आता दुसऱ्या अटीकडे वळू. नकाशावर नाव पाहून ग्राहक चालत आला तर उपाहारगृहाला त्याबद्दल कोणाला काही द्यावे लागत नाही. परंतु तोच ग्राहक मंचामार्फत जेवण घरी मागवतो, तेव्हा व्यवहारातील हिस्सा कमिशनच्या रूपाने मंचाकडे जातो. शिवाय ग्राहक कोण, तो काय मागवतो, किती वेळा मागवतो ही माहितीही मंचाकडेच राहते. यादीत वर दिसण्यासाठी जाहिरातीचा खर्च करावा लागला, तर जागेचे भाडे केवळ रूप बदलून परत आले असे म्हणावे लागेल. अधिक ग्राहकांमुळे अधिक उपाहारगृहे आणि अधिक उपाहारगृहांमुळे अधिक ग्राहक, या जाळे-परिणामामुळे असे मंच थोडेच उरतात आणि त्यांची सौदाशक्ती वाढते.

हा प्रश्न आपल्या संस्थांपुढे आलेला आहे. शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गूगलला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड केला. उपाहारगृहांच्या राष्ट्रीय संघटनेच्या तक्रारीवरून आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये झोमॅटो आणि स्विगी यांच्या व्यवहारांच्या चौकशीचा आदेश दिला. २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा जनतेपुढे ठेवण्यात आला. दुसरीकडे, डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेल्या ओएनडीसीने निराळा मार्ग सुचवला. ग्राहक एका अॅपवर आणि विक्रेता दुसऱ्या अॅपवर असला तरी खुल्या जाळ्यातून दोघांचा व्यवहार व्हावा, ही तिची कल्पना आहे. खुल्या मापदंडांवर देयकांची व्यवस्था उभी राहू शकते हे यूपीआयने दाखवलेच आहे. मात्र देयकात विश्वास हा पैसा पोहोचण्यापुरता असतो. जेवणात तो चव, वेळ आणि तक्रारनिवारण यांच्याशी जोडलेला असतो. त्यामुळे हे काम अधिक अवघड आहे.

शासनाने करण्यासारखे

बाजारपेठेत खरी माहिती पोहोचवणे हे सार्वजनिक कार्य आहे. आपण वजन-मापे प्रमाणित केली, कृषी उत्पन्न बाजार समित्यांच्या आवारात भावफलक लावले, त्याच परंपरेतील हे पुढचे पाऊल होय. टपाल विभागाने २०२५ मध्ये आणलेल्या डिजिपिन प्रणालीत देशाच्या भूभागाची सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकटींत विभागणी करून प्रत्येकीला दहा अक्षर-अंकांचा संकेत दिला आहे. अन्न परवान्याच्या नोंदीत हा संकेत समाविष्ट केला, तर बुडैलच्या गल्लीतील खानावळीला आणि मुख्य रस्त्यावरील उपाहारगृहाला एकाच दर्जाचा पत्ता मिळेल. परवाना आणि स्वच्छतेच्या गुणांकनाची माहिती खुल्या स्वरूपात उपलब्ध केली, तर ग्राहकाला ताऱ्यांखेरीज दुसरा, पडताळलेला आधार मिळेल. पथविक्रेत्यांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत डिजिटल देयकांच्या प्रशिक्षणाचा अंतर्भाव झाला. त्याला नकाशावरील नोंदीच्या प्रशिक्षणाची जोड देणे कमी खर्चाचे आहे. आणि क्रमवारीचे निकष कोणते, त्यांत पैशाचा वाटा कोठे आहे, हे सांगण्याचे बंधन प्रत्येक मंचावर असावे.

मित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या प्रशासनात जाल. तुमच्या टेबलावर येणाऱ्या कागदांत एखाद्या खानावळीचा परवाना असेल, एखाद्या ग्राहकाची तक्रार असेल किंवा एखाद्या मंचाविरुद्धचे निवेदन असेल. त्या वेळी हे ध्यानात असू द्या की, या शहराच्या आराखड्याने दुकानाची जागा कोठे असावी ते ठरवले आणि ते नियम सर्वांना वाचता येतील असे लिहून ठेवले. पडद्यावरील बाजारपेठेचा आराखडाही कोणीतरी ठरवतच असते. तो खाजगी कचेरीत आणि न वाचता येणाऱ्या सूत्रांत ठरू द्यायचा की खुल्या नियमांनी बांधायचा, याचा निर्णय तुमच्या पिढीला करावा लागेल. आतल्या रांगेत उत्तम स्वयंपाक करणाऱ्या माणसाला त्याच्या कामाचे मोल मिळणे या निर्णयावर अवलंबून आहे.